बीएमडब्ल्यू एम-२ की पोर्शे ७१८ केमन : बेळगाव परिसरातील ग्राहकांसाठी खरेदीपूर्व माहितीपत्रक

उद्यमबागेतील आमच्या वर्कशॉपमध्ये मोटार घेण्यापूर्वी ती तपासून देण्याचे काम चालते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि संकेश्वर भागातून येणाऱ्या ज्या ग्राहकांना जलद स्पोर्ट्स कार घ्यावयाची असते, त्यांच्या बोलण्यात बहुधा दोन नावे येतात : बीएमडब्ल्यूची एम-२ आणि पोर्शेची ७१८ केमन. यांपैकी कोणतीही गाडी आम्ही विकत नाही आणि विक्रेत्यांकडून कमिशनही घेत नाही, त्यामुळे पुढील मजकूर केवळ गाडी घेणाऱ्याच्या हिताच्या दृष्टीने लिहिला आहे.

आरंभीच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सध्याची एम-२ मे २०२३ मध्ये ९८ लाख रुपये एक्स-शोरूम किमतीला भारतात आली आणि २०२४ च्या अखेरीस तिची सुधारित आवृत्ती १.०३ कोटी रुपयांना दाखल झाली. पेट्रोलवरील ७१८ केमनचे उत्पादन मात्र पोर्शेने ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. याचा अर्थ असा की, आपली निवड बहुतेक वेळा नवी एम-२ आणि वापरलेली केमन यांमधली असते, आणि म्हणून दोन्ही गाड्यांची तुलना केवळ कंपनीच्या माहितीपत्रकातील आकडे शेजारी मांडून पुरी होत नाही.

आकडे आणि त्यांचा उपयोग

एम-२ मध्ये पुढच्या बाजूला एका रांगेत सहा सिलिंडर असलेले, दोन टर्बोचे ३ लिटरचे इंजिन आहे. सुधारित आवृत्तीत त्याची शक्ती ४८० अश्वशक्ती असून ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत टॉर्क (फिरवण्याचा जोर) ६०० न्यूटन-मीटर, तर मॅन्युअलमध्ये ५५० न्यूटन-मीटर मिळतो. केमनमध्ये आसनांच्या मागे आणि मागच्या चाकांच्या पुढे, समोरासमोर आडवे बसवलेले चार सिलिंडरचे २ लिटरचे टर्बो इंजिन आहे. त्याची शक्ती ३०० अश्वशक्ती आणि टॉर्क ३८० न्यूटन-मीटर आहे. ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठण्यास कंपन्यांच्या सांगण्यानुसार ऑटोमॅटिक एम-२ ला ४ सेकंद आणि पीडीके (पोर्शेच्या दुहेरी क्लचच्या ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सच्या केमनला ४.९ सेकंद लागतात.

या ०.९ सेकंदावर ग्राहक फार वेळ घालवतात असा आमचा अनुभव आहे. दुभाजक असलेल्या चौपदरी महामार्गावर केंद्र सरकारने २०१८ मध्ये ठरवून दिलेली कमाल वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे, आणि गळीत हंगामात हत्तरगी ते निपाणी या पट्ट्यात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्री मागचा दिवा नसतानाही चालतात. अशा रस्त्यावर गाडी किती लवकर धावते यापेक्षा ती किती लवकर आणि किती सरळ थांबते हे आधी पाहावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

खरा फरक घाटात कळतो. एम-२ चे वजन सतराशे किलोंच्या घरात आहे, तर केमनचे चौदाशेच्या आत. शिवाय केमनचे सर्वांत जड अंग गाडीच्या मध्याजवळ आहे. दोन्ही टोकांना भरलेल्या घागरी असलेली कावड खांद्यावर घेऊन वळणे जड जाते, तेच ओझे अंगाशी धरले तर सहज वळता येते. केमनचे वळणही तसेच सहज आहे. जांबोटीहून चोर्ल्याकडे जाताना लागोपाठ येणाऱ्या अरुंद वळणांवर ती स्टिअरिंगच्या थोड्याशा हालचालीसरशी वळते आणि चालवणाऱ्याला पुढची चाके नेमकी कोठे आहेत हे हाताला जाणवत राहते. निव्वळ चालवण्याच्या आनंदाचा विचार केला तर आम्ही निःसंकोचपणे केमनला पसंती देऊ. एम-२ ची ताकद याउलट मोकळ्या, रुंद रस्त्यावर, उदाहरणार्थ वंटमुरी घाटाच्या चढावर, खुलून दिसते. मात्र ही सारी ताकद केवळ मागच्या दोन चाकांवर येत असल्याने कणकुंबीच्या पावसात ॲक्सिलरेटर हलक्या पायानेच दाबावा लागतो आणि ट्रॅक्शन कंट्रोल (चाके घसरू न देणारी यंत्रणा) पूर्णपणे बंद करण्याचा मोह टाळावा लागतो.

टायर, रिम आणि आपले रस्ते

सीमाभागातील ग्राहकाने सर्वाधिक लक्ष कोठे द्यावे असे विचारल्यास आमचे उत्तर टायर हेच असते. टायरवर २८५/३० आर २० असे लिहिलेले असते, त्यातील पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये आणि दुसरा आकडा रुंदीच्या टक्केवारीत टायरच्या कडेची उंची दाखवतो. एम-२ च्या मागच्या चाकांचे माप हेच आहे; म्हणजे खड्डा आणि अलॉय रिम यांच्यामध्ये जेमतेम साडेपंच्याऐंशी मिलिमीटर रबर आहे. केमनला मूळची १८ इंची चाके असतील तर मागच्या टायरचे माप २६५/४५ असते आणि हीच उंची ११९ मिलिमीटरपर्यंत जाते. परंतु अनेक मालकांनी शोभेसाठी २० इंची चाके घेतलेली असतात. तेव्हा माप २६५/३५ होते आणि हा लाभ बराचसा हातचा जातो. म्हणून वापरलेली केमन पाहताना आम्ही १८ किंवा १९ इंची चाकांची गाडी सुचवतो, मग ती दिसायला थोडी साधी असली तरी चालेल. दोन्ही गाड्यांत जादा चाक नसते, पंक्चरसाठी केवळ द्रावण आणि पंप असतो. टायरची कड फाटली तर त्याचा काही उपयोग होत नाही.

टायरच्या कडेवर चार अंकी शिक्का असतो, तो अवश्य वाचावा. २३१९ असा शिक्का असल्यास तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. कमी धावलेल्या स्पोर्ट्स कारचे टायर खोबणी भरपूर असूनही वयाने टणक झालेले असतात, आणि ओल्या रस्त्यावर ते धोका देतात.

याच संदर्भात एक सूचना मनापासून करावीशी वाटते. उद्यमबागेतील कारागिरांच्या हाताला तोड नाही. येथे ओतकामापासून हायड्रॉलिकपर्यंत सारे होते, त्यामुळे चीर गेलेली अलॉय रिम वेल्डिंग करून मिळेल असे अनेकांना वाटते. ती मिळतेही, परंतु वेल्डिंगच्या उष्णतेने त्या भागातील धातूला कारखान्यात दिलेली मजबुती जाते. अशी रिम ताशी १०० किलोमीटरने धावणाऱ्या गाडीला लावू नये. तपासणीत आम्ही चाक उतरवून रिमची आतली बाजू पाहतो, कारण वेल्डिंगची खूण बाहेरून रंगाखाली लपते.

वापरलेल्या केमनमध्ये काय पाहावे

केमनचे इंजिन मागे असले तरी रेडिएटर पुढे, बंपरच्या दोन्ही बाजूंच्या जाळ्यांमागे आहेत. या जाळ्यांतून वाळलेला पाला, कागद आणि खानापूर भागातील तांबडी माती आत जाऊन बसते. पावसाळ्यात हा थर ओला राहतो आणि पुढे असलेला एसीचा कंडेन्सर गंजू लागतो. वरून गाडी चकचकीत दिसते, परंतु टॉर्च लावून जाळीतून पाहिले की तळाशी साचलेला थर स्पष्ट दिसतो. विक्रेत्याने बंपर उतरवून हा भाग केव्हा साफ केला, याची नोंद मागावी. इंजिन उघडून पाहण्यासाठी या गाडीला नेहमीसारखे बोनेट नाही, त्यामुळे तळ तपासण्यासाठी गाडी लिफ्टवर घेणे आवश्यक ठरते. पीडीके गिअरबॉक्सच्या तेलाच्या आणि वार्षिक सर्व्हिसच्या नोंदी नसतील, तर किंमत कितीही आकर्षक असली तरी गाडी सोडून द्यावी.

वापरलेली एम-२ घेत असल्यास पहिल्या २,००० किलोमीटरच्या सर्व्हिसचे बिल मागावे. या सर्व्हिसमध्ये इंजिनाबरोबर मागच्या डिफरन्शियलचे (दोन्ही मागच्या चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या गिअरचे) तेलही बदलायचे असते.

सध्या पंपावरील साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपण पाहत असलेल्या गाडीला ते चालते का आणि किती ऑक्टेनचे पेट्रोल लागते, हे इंधन झाकणावर आणि पुस्तिकेत वाचून घ्यावे.

नोंदणी आणि कर

निपाणीहून कोल्हापूर जवळ असल्याने एमएच-०९ क्रमांकाची गाडी स्वस्त पडेल, असा हिशेब येथे नेहमी मांडला जातो. २० लाखांवरील मोटारीला कर्नाटकात आजीवन कर १८ टक्के असून त्यावर उपकर वेगळा आहे. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरील तशाच पेट्रोल गाडीला तो १३ टक्के आहे. १.०३ कोटींच्या गाडीवर उपकर सोडूनही हा फरक ५ लाख १५ हजारांचा होतो, म्हणून मोह समजण्यासारखा आहे. परंतु गाडीची नोंदणी मालक जेथे राहतो किंवा जेथे त्याचा व्यवसाय आहे आणि जेथे गाडी सामान्यतः ठेवली जाते त्या राज्यात करावी लागते, आणि दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ राहिलेल्या गाडीची तेथे पुनर्नोंदणी करणे मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार बंधनकारक आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेंगळूर येथे परिवहन विभागाने परराज्यातील क्रमांकाच्या, कर न भरलेल्या अनेक आलिशान गाड्या ताब्यात घेतल्या होत्या. महाराष्ट्रातून वापरलेली केमन आणत असल्यास ना-हरकत प्रमाणपत्र, गाडीच्या वयानुसार येथे भरावयाचा कर आणि मूळ राज्याकडून मिळणारा परतावा हे तिन्ही धरूनच विक्रेत्याशी किंमत ठरवावी. कराचे दर बदलत असल्याने पैसे भरण्यापूर्वी केए-२२ (बेळगाव) किंवा केए-२३ (चिकोडी) आरटीओ कार्यालयात खात्री करून घ्यावी.

चालवून पाहताना

शोरूमपासून महामार्गापर्यंतची फेरी पुरेशी नसते. विक्रेत्याची संमती घेऊन गाडी आपल्या गल्लीत, आपल्या फाटकाच्या उतारावर आणि टिळकवाडीच्या रेल्वे गेटसारख्या ठिकाणी संथपणे न्यावी. एम-२ च्या पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर केमनपेक्षा २७२ मिलिमीटरने अधिक आहे, त्यामुळे उंच स्पीडब्रेकरवर तिचा मधला तळ टेकण्याचा संभव जास्त असतो. एम-२ मध्ये मागे दोन आसने आणि ३९० लिटरची डिकी आहे. केमनमध्ये केवळ दोघे बसतात. घरात दुसरी गाडी नसेल तर केमन घेऊ नये, असे आम्ही स्पष्टपणे सांगतो. जवळचे अधिकृत सर्व्हिस सेंटर कोठे आहे आणि बंद पडलेली गाडी तेथपर्यंत ट्रकवर नेण्याचा खर्च विम्यात येतो का, हेही बुकिंगपूर्वी लेखी घ्यावे. पोर्शेच्या बाबतीत हा प्रवास लांबचा असतो.

तपासणीसाठी गाडी आमच्याकडे आदल्या संध्याकाळी आणून ठेवावी आणि सकाळी आमच्या माणसासमोरच सुरू करावी. थंड इंजिनाचा पहिला आवाज आणि पहिला धूर गाडीबद्दल पुष्कळ काही सांगतो. सोबत आरसी, विम्याची प्रत, सर्व्हिसची सर्व बिले आणि दोन्ही किल्ल्या आणाव्यात.