‘विकाले गेलो तर काय भेटन?’ : फसलेल्या गाड्यांची मागची गोष्ट

गाडी फसायला आधी बाजार असावा लागतो, आणि १९८३ पर्यंत आपल्याकडे तो नव्हताच. ॲम्बेसेडर नाहीतर फियाट, तीही पैसे भरून वर्षानुवर्षं वाट पाहिल्यावर. नागपुरात सदरमधला बंगलेवाला असो की इतवारीतला व्यापारी, रांग तीच. त्या काळात एखादी गाडी ‘चालली नाही’ असं म्हणायची सोयच नव्हती. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि गिऱ्हाईक तुलना करायला शिकलं.

त्या तुलनेत लवकर पडली ती १९८५ ची स्टँडर्ड २०००. मद्रासच्या कंपनीने ब्रिटिश रोव्हरचा देखणा सांगाडा आणला, पण आत बसवलं जुन्या व्हॅनगार्ड गाडीच्या घराण्यातलं दोन लिटरचं इंजिन. वरून साहेबी थाट, खाली आजोबांच्या काळातला जीव. किंमत भारी, पेट्रोल पिण्यातही भारी. १९८८ मध्ये तिचं उत्पादन थांबलं.

नागपुरात गाडी पाहायला गेलेल्या माणसाचे प्रश्न तेव्हापासून फारसे बदललेले नाहीत. ॲव्हरेज किती देते? मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, एसी मागच्या सीटपर्यंत पोचतो का? आणि खरा प्रश्न शेवटी, आवाज खाली आणून : “का जी, पाच वर्षांनी विकाले गेलो तर काय भेटन?” शोरूमवाल्याला यातल्या पहिल्या दोनच प्रश्नांची उत्तरं पाठ असतात. तिसऱ्याचं उत्तर गल्लीतला मेकॅनिक देतो. देवूची मॅटिझ चालवायला गोड गाडी होती. पण कोरियातली मूळ कंपनीच कोसळल्यावर पार्टचं काय, या एका शंकेने तिचा भाव गेला. गाडीचा दोष शून्य.

याच कारणासाठी मला नॅनोची गोष्ट नेहमीच्या सांगण्यापेक्षा गुंतागुंतीची वाटते. स्कूटरवर दाटीवाटीने बसलेलं चौघांचं कुटुंब पाहून रतन टाटांना ती सुचली. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीत ती दाखवली गेली, तेव्हा ‘लाखाची गाडी’ हेच तिचं नाव पडलं. ऑक्टोबरात जमिनीच्या वादापायी बंगालमधलं सिंगूर सुटलं, कारखाना गुजरातेत साणंदला गेला आणि तो सुरू व्हायला जून २०१० उजाडला. उत्साहाची ती दोन वर्षं हातातून निसटली. त्यात काही गाड्यांना आग लागल्याच्या बातम्या आल्या. क्षमता वर्षाला अडीच लाखांची. सर्वांत चांगल्या वर्षी, २०११-१२ मध्ये, विकल्या गेल्या जेमतेम ७४ हजार.

सुरुवातीच्या नॅनोची डिकी बाहेरून उघडत नसे. पेट्रोल भरायला पुढचं बॉनेट उचलावं लागे. पण हे सगळं लोकांनी चालवून घेतलं असतं. खुपलं ते वेगळंच. आपल्याकडे पहिली गाडी ही घरची लक्ष्मी. दसऱ्याला हार घालून, लिंबू चाकाखाली ठेवून ती दारात येते. शेजारी येऊन विचारतो, “किती लागले?” त्याला ‘देशातली सर्वांत स्वस्त’ असं सांगायला कोण तयार होणार? स्वस्तपणाचा हा शिक्का दुर्दैवी ठरला, असं पुढे रतन टाटांनीही मान्य केलं. नंतर पॉवर स्टिअरिंग आलं, उघडणारी डिकी आली, पण शिक्का पुसला नाही. २०१८ मध्ये उत्पादन थंडावलं.

उलटं उदाहरण मारुतीच्या व्हर्साचं. २००१ साली अमिताभ आणि अभिषेक बच्चन या बापलेकांना जाहिरातीत घेऊन ती आली. उंच, ऐसपैस, पण मोटारीच्या किमतीला व्हॅनचा चेहरा. कुटुंबांनी पाठ फिरवली. जानेवारी २०१० मध्ये तोच सांगाडा, चैनीच्या गोष्टी काढून, छोटं इंजिन घालून ईको नावाने परत आला, दिल्लीत अडीच लाखांच्या जरा वर. आज शाळेची मुलं, केटरिंगची भांडी, रुग्णवाहिका, सगळं तिच्यातच. विक्री १० लाखांच्या पुढे गेली आहे.

कधी सरकारी फूटपट्टीही गाडीला मारते. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनाच्या गाड्यांचा उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आला. पुढच्याच वर्षी महिंद्रा-रेनोची लोगान आली, सव्वाचार मीटर लांब. दणकट होती, प्रशस्त होती. वरच्या काही बोटांचा कर भरत राहिली.

नागपूरने एक प्रयोग तर स्वतःच्या रस्त्यांवर पाहिला. मे २०१७ मध्ये इथे ओलाच्या विजेवरच्या टॅक्सी धावायला लागल्या, त्यात महिंद्राची छोटी ई-टू-ओ प्लस होती. एका चार्जमध्ये साधारण ११० किलोमीटर, तेही कागदावर. उन्हाळ्यात एसी लावला की आकडा खाली. टॅक्सीवाल्याची कमाई फेऱ्यांवर, आणि इथे तासन् तास चार्जिंगच्या रांगेत. वर्षभराच्या आतच अनेक चालक डिझेल परत मागू लागले. घरातून ऑफिस आणि ऑफिसातून घर एवढंच करणाऱ्या माणसाला तीच गाडी पुरली असती, पण तिला जुंपलं दिवसभर पळायच्या धंद्याला. जानेवारी २०२० मध्ये टाटांच्या नेक्सॉनची विजेवरची आवृत्ती आली ती ३१२ किलोमीटरचा दावा घेऊन, आणि लोकांच्या ओळखीच्या अंगात.

आता टाटांची सिएरा परतली आहे. १९९१ च्या सिएराला दोनच दारं होती. मागे बसायला पुढची सीट वाकवून अंग चोरत जावं लागे, आणि बसलं की बाजूला न उघडणारी भलीमोठी काच. नऊवारीतल्या आजीला त्यात कोणी बसवावं? २०२५ च्या नोव्हेंबरात आलेल्या नव्या सिएराला मागची दारं मिळाली. काचेचं ते रूप मात्र ठेवलंय, आणि महागड्या आवृत्त्यांत डोक्यावरही काच आहे. नागपूरकर ती मे महिन्यात पाहून घेतील.