दरीवरच्या दोरीला झोल का हवा?

लोणावळ्याजवळच्या नागफणीवर गिर्यारोहक व्हॅली क्रॉसिंग करतात. दरीच्या दोन्ही काठांवर कातळात अँकर पक्के करायचे, मधे दोरी बांधायची आणि पुलीला लटकून पलीकडे जायचं. नवख्याला वाटतं, दोरी जितकी ताठ तितकं बरं. जाणते गिर्यारोहक मात्र तिला मुद्दाम झोल ठेवतात. हा झोल किती असावा, ते सदिशांच्या, म्हणजे बलासारख्या मूल्य आणि दिशा दोन्ही असलेल्या राशींच्या, प्रक्षेपावरून कळतं.

भर दुपारी, सूर्य अगदी डोक्यावर असताना, तिरकी काठी धरून पाहा. जमिनीवरची तिची सावली काठीपेक्षा आखूड असते. काठी आडवी केली की सावली पूर्ण लांबीची होते, उभी केली की नाहीशी. बलाचंही असंच. तिरक्या बलाचा एखाद्या दिशेतला प्रक्षेप म्हणजे त्या बलाचं मूल्य गुणिले दोन्ही दिशांमधल्या कोनाची कोज्या. काटकोनात तो शून्य होतो, आणि पुढचं सगळं गणित या शून्याच्या जोरावर सुटतं.

दोन्ही अँकर एका पातळीवर आहेत आणि सामानासकट ८० किलोंचा माणूस दोरीच्या बरोबर मध्यावर लटकतोय असं धरू. (सोयीसाठी बलही किलोतच मोजू.) दोरी फक्त आपल्या लांबीच्या दिशेनेच ओढू शकते, वजन मात्र सरळ खाली खेचतं. म्हणून सगळ्या बलांचे उभ्या दिशेतले प्रक्षेप घ्यायचे. दोरीचा आडव्या रेषेशी कोन θ आणि ताण T असेल, तर उभ्या दिशेशी तिचा कोन ९० − θ, आणि त्याची कोज्या म्हणजेच sin θ. म्हणून प्रत्येक बाजूचा उभा प्रक्षेप T sin θ. दोन्ही मिळून वजन पेलणार, म्हणजे 2T sin θ = ८०.

आता कोन घालून पाहा. ३० अंशांना ताण ८० किलो, म्हणजे प्रत्येक बाजूवर माणसाच्या वजनाइतकाच. १० अंशांना २३०. ५ अंशांना ४५९. २ अंशांना तब्बल ११४६! वजन तेच, माणूस तोच. ताणाचा वर उचलणारा भाग इतका लहान झाला, की ८० किलो पेलायला मूळ ताण टनावर न्यावा लागला. उरलेला जवळजवळ सगळा जोर समोरासमोरचे अँकर एकमेकांकडे खेचण्यात जातो. कोन शून्य केला तर कितीही ताण पुरणार नाही, म्हणूनच भार असलेली दोरी पूर्ण सरळ कधीच राहत नाही.

ईएन १८९१ या युरोपीय मानकानुसार ‘ए’ प्रकारच्या स्टॅटिक (कमी ताणल्या जाणाऱ्या) दोरीने टोकाला गाठ असताना निदान १५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५३० किलोंचा भार सोसायला हवा. त्यापुढे ११४६ हा आकडा अंगावर काटा आणतो. माणूस लटकताच दोरी थोडी लांबते, कोन वाढतो आणि ताण काहीसा उतरतो हे खरं, पण तो हिंदकळला की ताण पुन्हा चढतो. १०० मीटर रुंद दरीत १० अंशांचा कोन हवा असेल, तर मध्यावर जवळजवळ ९ मीटर झोल लागतो. तो भरपूर वाटला तरी ठेवायलाच हवा असं माझं मत आहे.

आडव्या दिशेतला प्रक्षेपही तितकाच कामाचा. वजनाचा आडवा प्रक्षेप शून्य, त्यामुळे ते या समीकरणातून आपोआप गळतं. त्याच १०० मीटरांच्या दरीत, मध्यावर १० अंशांचा कोन देणाऱ्या दोरीवर, आपला माणूस आता पलीकडच्या काठापासून १९ मीटरांवर आलाय. दोरीची लांबी बदलली नाही आणि त्याला पलीकडे ओढणारा दोर, म्हणजे ओढदोर, आडवा आहे असं मानलं, तर मागची दोरी साधारण ५ अंशांवर असते आणि पुढची २० अंशांवर. पुली मोकळी फिरते, म्हणून ताण दोन्हीकडे सारखाच. उभे प्रक्षेप मांडले की तो १८६ किलो निघतो, मध्यावरच्यापेक्षा कमी. आडवे प्रक्षेप मात्र जुळत नाहीत. मागची दोरी जास्त आडवी, तिची ओढ पुढचीपेक्षा सुमारे साडेदहा किलोंनी जास्त. माणूस मागे घसरू पाहतो आणि हा फरक काठावरच्यांना ओढदोराने भरून काढावा लागतो. काठ जवळ येईल तशी पुढची दोरी आणखी उभी होते आणि ओढायला आणखी जोर लागतो. म्हणून अँकर किती भक्कम हवेत ते माणूस मध्यावर आहे असं धरून ठरवायचं, आणि ओढायला किती जण लागतील ते तो काठाशी पोचलाय असं धरून.