बाठ्यातला भुंगा आणि लासलगावची वाट

अमेरिकेला जाणारा हापूस आधी लासलगावला कशाला, असं मोसमात कुणी ना कुणी विचारतंच. निर्यातीच्या आंब्यावर किरणांचा मारा करण्याची सोय आता वाशीलाही आहे, पण सुरुवातीची बरीच वर्षं कोकणातला आंबा घाट चढून कांद्याच्या गावाला जायचा. कारण बाठ्यात लपणारा एक भुंगा.

कैरी गोटीएवढी झाली की मादी तिच्या सालीवर अंडं घालते आणि शेजारी बारीक चीर पाडते. चिरेतून चीक ओघळतो, वाळतो, अंड्यावर झाकण बसतं. अळी निघते ती गर पोखरत सरळ आत. बाठा तेव्हा कोवळा असतो, शिरायला अडचण पडत नाही. पुढे फळ वाढतं, गरातली वाट बुजते, बाठा टणक होतो. वरून आंबा निर्दोष. खाऊन झाल्यावर बाठा फोडा: कोयीचा काळा भुगा झालेला आणि त्यात पाय आखडून निपचित पडलेला काळपट भुंगा. मेलाय असं वाटतं. जरा थांबा, चालू लागतो.

खाणाऱ्याचं बहुधा काही बिघडत नाही, म्हणून आपण या किडीला फारसं मोजलं नाही. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर मात्र ती नाही आणि फ्लोरिडात आंब्याच्या बागा आहेत. त्यांची भीती त्या बागांसाठी होती आणि ती मला रास्तच वाटते. फळमाशीवर गरम पाण्याची प्रक्रिया चालते, पण बाठ्याच्या कवचाआड बसलेल्या भुंग्याचा त्यावर भरवसा धरता येत नाही. आपल्या आंब्याला ती बाजारपेठ कितीतरी वर्षं बंद राहिली.

वाट निघाली ती कांद्यामुळे. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगावला कोबाल्ट-६० वापरून गॅमा किरणांचा मारा करणारं केंद्र उभारलं होतं. हाच मारा आंब्यावर करायचा, अशी मार्च २००६ मध्ये दोन्ही देशांची बोलणी झाली आणि एप्रिल २००७ मध्ये पहिल्या पेट्या अमेरिकेत उतरल्या. आंब्याला किमान ४०० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं एकक) मात्रा लागते. तेवढ्याने भुंगा जागच्या जागी मरेलच असं नाही, पण त्याची प्रजा पुढे वाढत नाही. कोविडमध्ये अमेरिकी निरीक्षकांना येता येईना, तेव्हा निर्यात थांबली ती थेट २०२२ मध्ये सुरू झाली.

या सगळ्याचा खर्च शेवटी पेटीवरच चढतो. म्हणून बागेतल्या कामाकडे होणारं दुर्लक्ष मला खुपतं. भुंग्याची वर्षाला एकच पिढी होते. बाठ्यातून निघालेला भुंगा खोडाच्या सालीच्या भेगांत दडतो आणि मोहोर येईपर्यंत तिथेच राहतो. कलमांखाली पडलेली फळं आणि बाठे पावसाआधी वेचून जाळले, तर तो त्या भेगांपर्यंत पोचतच नाही.