स्पार्टा कुणाचा, झेनोफनचा की प्लूटार्कचा?

स्पार्टा, म्हणजे जुन्या ग्रीसमधलं लढवय्यांचं शहर, म्हटलं की तेच तीन किस्से येतात. अशक्त बाळ टाकून देणं, चोरलेलं कोल्ह्याचं पिल्लू कपड्याखाली लपवून पोट फाटेपर्यंत गप्प बसणारा पोरगा, आणि ढाल घेऊन ये नाहीतर ढालीवरून ये असं सांगणारी आई. तिन्ही प्लूटार्क या ग्रीक लेखकाकडचे! आणि हा माणूस लिहीत होता इ.स. १०० च्या आसपास, स्पार्टा तेव्हा रोमच्या राज्यातलं एक शहर होतं फक्त.

स्पार्टावर लिहिणारा दुसरा ग्रीक, झेनोफन, त्याच्या साधारण ५०० वर्षं आधीचा. मूळ अथेन्सचा, पण स्पार्टाचा राजा अगेसिलाउसचा खास दोस्त, इ.स.पू. ३९४ ला कोरोनियाच्या लढाईत त्याच्या बाजूला होता आणि समोरच्या फौजेत अथेन्सवाले, वर स्पार्टाने त्याला ऑलिंपियाजवळ राहायला जागा दिलेली. म्हणजे बघितलंय सगळं डोळ्यांनी, पण खाल्ल्या मिठाला जागून लिहिलंय. म्हणून बाळं टाकणं त्याच्याकडे नाही आणि क्रिप्तेइया पण नाही (हेलट म्हणजे शेतात राबणारे गुलाम, त्यांना रात्री गाठून मारायला तरुण पोरं पाठवायचे ती). ती सांगतो प्लूटार्क, अ‍ॅरिस्टॉटलचं नाव घेऊन, त्यामुळे नंतरचा म्हणून प्लूटार्क सरळ बादच करता येत नाही. स्पार्टावाल्यांनी स्वतः लिहिलेला इतिहास आपल्यापर्यंत पोचलाच नाही, मग या बाहेरच्यांवरच भागवावं लागतं.

खरी मजा स्पार्टातल्या आर्टेमिस ऑर्थिया देवीच्या देवळात आहे. झेनोफन सांगतो की पोरांनी वेदीवरचं चीज पळवायचं आणि दुसऱ्यांनी त्यांना फटके मारायचे, म्हणजे मार खाऊन चोरी करायचा एक खेळच. प्लूटार्ककडे चीज गायब, नुसते फटके, आणि तो म्हणतो की तिथे मार खाताखाता पोरं मेलेली मी स्वतः पाहिलीत. आता खोटं कुणाला म्हणायचं? मला वाटतं कुणालाच नाही, कारण रोमन काळात तो एक शो झाला होता, लांबून लोक बघायला यायचे. आपले पूर्वज किती कडक होते ही गोष्ट स्पार्टावाले स्वतःच टुरिस्टांना करून दाखवत होते, आणि पुढे तिसऱ्या शतकात तर बसून बघता यावं म्हणून वेदीभोवती पायऱ्यापायऱ्यांचं थिएटर बांधलं त्यांनी.