आपटा की कांचन? दसऱ्याला नक्की काय वाटतो आपण

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मंडईबाहेर आपट्याच्या म्हणून ज्या जुड्या मिळतात त्यातल्या बऱ्याच चक्क कांचनच्या असतात, आणि विचारलं तर मावशी म्हणतात "आपटाच हाय, घ्या बिनधास्त". दोन्ही पानं मधोमध दुभंगलेली त्यामुळे गोंधळ होणारच म्हणा. (लिनियसने कांचनच्या गटाला बॉहिनिया नाव दिलं तेही बॉहिन नावाच्या दोन वनस्पतीतज्ज्ञ भावांवरून, जोडपान म्हणून भावांची जोडी!)

पण पान हातात घेऊन बघा. आपट्याचं छोटंसं, लांबीपेक्षा रुंदीला जास्त, जाड, चिवट, आणि उलटं केलं की खालून फिकट राखाडी. याच पानात तंबाखू घालून विड्याही वळतात. कांचनचं पान मोठं, तळहाताएवढंसुद्धा होतं, आणि पातळ.

आता माझी फजिती. सोसायटीत लावायला एका नर्सरीतून "आपटा" आणला, दोन वर्षं पाणी घातलं, आणि तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुमारास त्याला मोठ्ठी गुलाबी-जांभळी फुलं, म्हणजे कांचन! सगळे खूश, मी सोडून. तसं झाड वाईट नाहीये, सकाळी शिंजीर पक्षी येतात फुलांवर, आणि शेंगा वाळल्या की टाककन तडकतात, टरफलाला पीळ पडतो आणि बिया पार पार्किंगपर्यंत उडतात.

आपटा यातलं काहीच करत नाही. बुटका, वाकडातिकडा, काळपट भेगाळ सालीचा, फांद्या खाली झुकलेल्या. फुलं उन्हाळ्यात येतात, बारीक, पांढरट-पिवळी, माणसांचं लक्ष जात नाही पण मधमाश्यांचं जातं. शेंगा काळ्या, चपट्या, न फुटता महिनोन्‌महिने झाडावरच लटकतात. आपल्या टेकड्यांवरच्या मुरमाड जमिनीत, बिनपाण्याचा तगतो म्हणून छोट्या बागेला मला तोच बरा वाटतो, फक्त वाढायला भयंकर स्लो, घाई असेल तर कांचनच लावा.

मी शेवटी टेकडीवर पडलेली एक शेंग आणली, ती आपोआप उघडत नाही म्हणून दगडाने फोडली, बिया रात्रभर भिजवून कुंडीत लावल्या. चारातल्या दोन आल्या, दोन पावसाळ्यांनंतर अजून गुडघ्याएवढीच आहेत. पानं पट्टीने मोजली मात्र, रुंदीच जास्त भरली.