टाचणीही न ओढणारं चुंबक

सांगलीत विश्रामबागला एका क्लासमध्ये मी टेस्टला सुपरव्हिजन करतो, तिथे पेपरचे दोन सेट असतात, ए आणि बी, आणि शेजारी किंवा पुढेमागे सेम सेट आला की पोरांच्या खाणाखुणा सुरू, त्यामुळे बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक वाटायचे. अँटिफेरोमॅग्नेट म्हणजे हेच. प्रत्येक अणू एक छोटं चुंबक (स्पिन म्हणा), लोहचुंबकात सगळे एकाच दिशेला तोंड करतात, इथे मात्र प्रत्येकजण शेजाऱ्याच्या उलट, मग बेरीज शून्य. आत कडक शिस्त, बाहेर पत्ता नाही. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लुई नेएलने 1930 च्या दशकात हे कागदावर मांडलं, पण थेट दिसलं 1949 मध्ये, शल आणि स्मार्ट यांनी मँगनीज ऑक्साइडवर न्यूट्रॉन सोडले तेव्हा.

कॉम्प्युटरवर हे करायचं तर 20 बाय 20 चा चौकोन घ्या, 400 स्पिन, प्रत्येक वर नाहीतर खाली. सगळ्या शक्यता मोजायला बसलात तर 121 आकडी संख्या येते, सोडा तो नाद. त्यापेक्षा निकोलस मेट्रोपोलिस आणि सहकाऱ्यांची 1953 ची युक्ती: कुठलाही एक स्पिन उलटा करून बघा, शेजाऱ्यांशी भांडण (म्हणजे दोघांचं तोंड एकाच दिशेला) कमी झालं तर ठेवा, आणि वाढलं तरी कधीकधी ठेवा, किती वेळा ते तापमान ठरवतं. हे 'वाढलं तरी ठेवा' मला पहिल्यांदा उगाच वाटलं म्हणून मी गाळलं, रात्रभर लॅपटॉप चालू ठेवला आणि सकाळी बघतो तर मधोमध सरळ रेघ, डावीकडे पट बरोबर, उजवीकडेही बरोबर, पण दोन्हींचा मेळ नाही, आणि हलायला कुणी तयार नाही!

खरी गंमत त्रिकोणात. तीन पोरं गोल टेबलाभोवती, सेट दोनच. एकाला ए, दुसऱ्याला बी, तिसऱ्याला काहीही द्या, कुणाशीतरी जुळणारच. वाटायच्या 8 पद्धती, त्यातल्या 6 सारख्याच वाईट आणि 2 त्याहून वाईट. याला फ्रस्ट्रेशन म्हणतात, खरंच, फिजिक्समधला शब्द आहे. असं वर-खालीवालं त्रिकोणी जाळं कितीही थंड केलं तरी शिस्तीत बसत नाही, हे भौतिकशास्त्रज्ञ वानियरने 1950 मध्ये गणिताने दाखवलं. स्पिनला हवं तिकडे वळायची मुभा दिली तर मात्र तिघं 120 अंशांवर तोंडं करून तोडगा काढतात.

तापवलं की ही शिस्त मोडते, त्या तापमानाला नेएलचंच नाव. निकेल ऑक्साइडचं साधारण 250 अंश सेल्सियस, शुद्ध क्रोमियमचं 38 च्या आसपास, म्हणजे सांगलीतली एप्रिलची दुपार. पण क्रोमियमला हे बेंचवालं मॉडेल लावू नका, तिथे इलेक्ट्रॉन जागेवर बसतच नाहीत, वर्गभर हिंडतात, आणि शिस्त लाटेसारखी पसरते, तिची लांबीही अणूंच्या रांगांशी धड जुळत नाही.