केमिस्टने डॉक्टरांना उलट विचारायचं नाही?

‘केमिस्टने चिठ्ठीवरचं औषध मुकाट्याने काढून द्यावं, डॉक्टरांच्या कामात नाक खुपसू नये.’ काउंटरच्या दोन्ही बाजूंना रुजलेला हा समज अर्धाच खरा आहे.

खरा भाग असा: औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ प्रमाणे शेड्यूल एच, एच-१ आणि एक्स (डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न मिळणाऱ्या औषधांच्या याद्या) यांमधल्या औषधांच्या जागी परस्पर दुसरा ब्रँड देता येत नाही, आतला घटक तोच असला तरी.

पण डोस भलताच जास्त दिसला, किंवा दोन औषधं एकत्र चालणारी नसली तर? तिथे गप्प बसणं हीच चूक. फार्मसी कौन्सिलची आचारसंहिता सांगते, चिठ्ठी लिहिणाऱ्याकडे परत न्या, दुरुस्ती किंवा संमती घ्या. वर पेशंटसमोर चेहऱ्यावर आश्चर्यही दाखवू नका! (नियमांच्या रुक्ष भाषेत असं काही सापडलं की मजा वाटते.)

२०१५च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सनी पेशंटला औषध समजावून सांगणंही फार्मासिस्टच्या कामात धरलं. अर्थात काउंटरवर खरंच नोंदणीकृत फार्मासिस्ट हवा. चिठ्ठीवरचं औषध त्यानेच द्यावं, हे १९४८च्या फार्मसी कायद्यातच आहे. तेव्हा ‘थांबा, डॉक्टरांना विचारतो’ असं तो म्हणाला, तर पाच मिनिटं थांबा.